लहान मुलांना मुंबई दाखवायची तर मुक्काम करा, ‘एका दिवसात मुंबई’ नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्टीच्या तोंडावर ‘एका दिवसात मुंबई’ अशा याद्या सगळीकडे फिरू लागतात. गेटवे, तारांगण, हँगिंग गार्डन, राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी. पर्यटक बसचा कार्यक्रमही थोड्याफार फरकाने हाच असतो. नातवंडांना, भाचरांना मुंबई दाखवण्याची हौस रास्त आहे, पण बरोबर दोन ते सात वर्षांचे मूल असेल तर ही यादी उपयोगाची नाही. सात ठिकाणे म्हटली की गाडीत सात वेळा चढउतार आली आणि प्रत्यक्ष ठिकाणी हाती लागतात वीस-वीस मिनिटे. मूल पेंग्विनसमोर रमते न रमते तोच ‘चला, बस सुटेल’ सुरू होते. संध्याकाळी पाचला ते भररस्त्यात बसकण मारते, मोठी माणसे वैतागतात आणि ‘एवढ्याशा पोरांना घेऊन फिरायलाच नको’ असे ठरवून सगळे घरी परततात. चूक त्या आखणीत असते. पुणे-नाशिककडून दोन रात्रींच्या मुक्कामाने मुंबई करायची असेल, तर ती वेगळ्या पद्धतीने आखावी लागते, आणि तशी आखली तर ती फार आनंदाची होते.

लहान मुलाच्या दिवसात फिरण्याजोगे दोनच तुकडे असतात. सकाळी नऊ ते बारा हा एक, आणि दुपारची झोप झाली असेल तर साडेचार ते सात हा दुसरा. एका तुकड्यात एकच ठिकाण घ्यावे. म्हणजे दिवसाला दोन, आणि त्यातलेही दुसरे बिनतिकिटाचे, मोकळ्यावरचे असले तर उत्तम. तिसरे ठिकाण घुसवले की ते नेमके झोपेच्या वेळेत घुसते. सहा-सात वर्षांची मुले दुपारी झोपत नाहीत हे खरे, पण मुंबईच्या दमट हवेत तीन तास पायी फिरल्यावर त्यांनाही पंख्याखाली तासभर आडवे करावे लागते. पुण्याच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, इथे तो अंगावर राहतो आणि थकवा दुप्पट जाणवतो. ऑक्टोबर आणि एप्रिल-मे म्हणूनच टाळावेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत बरा. दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलांचा इनहेलर आणि स्पेसर मात्र थंडीतही हाताशी हवा, कारण याच महिन्यांत मुंबईची हवा धुरकट असते.

दुपारी खोलीवर परत यायचे हे एकदा मान्य केले की उतरायचे कुठे हा प्रश्न आपोआप सुटतो. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट किंवा कुलाबा. ठाण्याला किंवा नवी मुंबईत नातेवाइकांकडे उतरणे प्रेमाचे आणि स्वस्त असते, पण तिथून दक्षिण मुंबईला दिवसातून दोन फेऱ्या होत नाहीत. तसे उतरायचेच असेल तर दिवसाला एकच ठिकाण ठरवून दुपारच्या जेवणाला घरी परतावे. हॉटेल ठरवताना फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. चेक-इन किती वाजता, लवकर आलो तर सामान ठेवून घेणार का, लिफ्ट आहे का, आणि खिडक्यांना आतून गज किंवा जाळी आहे का. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. फोर्ट-कुलाब्याच्या जुन्या इमारतींत खिडक्या मोठ्या आणि कठडे बुटके असतात, पलंग नेमका खिडकीला चिकटून असतो आणि तीन वर्षांच्या मुलाला पलंगावरून खिडकीत चढायला दहा सेकंद पुरतात. खोलीत शिरल्या शिरल्या पलंग ओढून दुसऱ्या भिंतीला लावावा.

पुण्याहून येणाऱ्यांना डेक्कन क्वीनसारखी सोय नाही. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी सकाळी सव्वासातला निघते आणि १०.२५ ला सीएसएमटीला पोचते. त्या वेळी मुंबईची कार्यालयीन गर्दी ओसरू लागलेली असते. परतीला ती संध्याकाळी ५.१० ला सुटते आणि ८.२५ ला पुण्यात येते, म्हणजे मुलाच्या जेवणा-झोपेची वेळ मोडत नाही. नाशिककरांची पंचवटीही सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून मिळते. तिकीट काढताना एक बारकावा लक्षात घ्यावा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग आसनही मिळत नाही. चार वर्षांचे मूल सव्वातीन तास मांडीवर घेणे दोघांनाही जड जाते. त्याच्यासाठी जागा हवी असेल तर त्याचे नाव ‘इन्फंट’च्या रकान्यात न घालता प्रवाशांच्या यादीत घालावे आणि पूर्ण भाडे भरावे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे भाडे पडते ते बर्थ किंवा आसन न घेतल्यास, आणि चेअर कार व सेकंड सिटिंगमध्ये तो पर्यायच नाही. तिथे पूर्ण भाडे धरूनच हिशेब करावा. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. दिवाळीच्या आसपासच्या शुक्रवारची आणि रविवारची आसने फार टिकत नाहीत.

परतीच्या प्रवासात कर्जत चुकवू नका. बोरघाट चढण्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे मागून बँकर इंजिने जोडतात. डब्यात बसूनही मागून बसलेला हलका धक्का जाणवतो. ‘आता मागून इंजिन ढकलणार’ एवढे आधी सांगून ठेवले की पाच वर्षांचे मूल पुढचे सगळे बोगदे मोजत बसते.

मोटारीने यायचे असेल तर एवढेच सांगतो की फोर्टात गाडी लावायला जागा शोधण्यात मुलांचा सकाळचा तुकडा जातो. गाडी एकदा हॉटेलात उभी केली की निघेपर्यंत हलवू नये. घाटात ओकारी होणाऱ्या मुलाला निघण्याआधी तासभर दूध देऊ नये, कोरडे काहीतरी द्यावे आणि मोबाइल हातात देऊ नये. मान खाली घालून पडद्याकडे पाहिल्यानेच पुष्कळदा मळमळते.

आता वारांविषयी, कारण सर्वांत जास्त हिरमोड इथे होतो. राणीची बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद, त्यामुळे दिवाळीच्या आठवड्यात दोन्ही वार तपासावे लागतात. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय रोज सकाळी सव्वादहाला उघडते. मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय गेली काही वर्षे बंदच आहे, तरी ते याद्यांत अजून झळकते आणि मासे पाहायला निघालेली मुले कुलूप पाहून परततात. वरून उघडी असलेली बेस्टची निलांबरी बस ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. तिच्याऐवजी सीएसएमटीवरून सुटणाऱ्या विजेवरच्या दुमजली एसी बसने वरच्या मजल्यावर सर्वांत पुढे बसून दक्षिण मुंबईत एक फेरी मारावी. मुलांना ती सहलीइतकीच आवडते आणि खर्च साध्या बसतिकिटाचा.

रविवारी तिन्ही उपनगरी मार्गांपैकी कुठे ना कुठे मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. मधल्या वेळात गाड्या कमी आणि उशिराने धावतात, म्हणून एरवी मोकळी मिळणारी लोकल ऐन दुपारी खच्चून भरते. जानेवारीतला तिसरा रविवार मॅरेथॉनचा. त्या दिवशी दक्षिण मुंबईतले बरेच रस्ते दुपारपर्यंत बंद असतात. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी लाखो अनुयायी चैत्यभूमीवर येतात. तो दिवस त्यांचा आहे. आधीचे दोन दिवस धरून दादर परिसरात लहान मुलांसह सहलीचा मुक्काम ठेवू नये. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी गेटवे आणि मरीन ड्राइव्ह मुलांसाठी नव्हेत.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे ती याच बाबतीत. सुट्टीच्या पुरवणीत स्थळांचे मोठमोठे फोटो येतात, ते यावेतच. पण शनिवारच्या अंकात एक छोटी चौकट द्या. उद्या काय बंद, मेगाब्लॉक कुठून कुठे, भरती किती वाजता आणि किती मीटरची, सूर्यास्त किती वाजता. या चार ओळी बाहेरगावाहून मुले घेऊन येणाऱ्या घरांना कुठल्याही लेखापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

ज्यांना रजा घेता येते त्यांनी गुरुवारी यावे आणि शनिवारी संध्याकाळी परतावे. ज्यांना शनिवार-रविवारच शक्य आहे, त्यांनी शनिवारी सकाळी राणीची बाग करावी आणि रविवारी सकाळी फोर्ट. उलटे करू नये. रविवारी बागेत पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमक्या त्याच सकाळी फोर्टातली कार्यालये बंद असल्याने रस्ते मोकळे असतात. हुतात्मा चौकापासून गेटवेपर्यंत मुलाचा हात धरून निवांत चालता येते.

पोचल्याच्या दिवशी मुलांना लगेच लोकल दाखवायला नेऊ नये. सामान हॉटेलात किंवा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकावे (कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत, शिवाय तिकीट आणि ओळखपत्र मागतात) आणि थेट वस्तुसंग्रहालयात जावे. १९२२ पासून लोकांसाठी खुली असलेली ही वास्तू लहान मुलांसह पाहायची तर सगळी पाहायची नाही, हे आधीच ठरवावे. पक्षी-प्राण्यांचे दालन, एखाद-दुसरे शिल्प, आणि आवारातच २०१९ मध्ये उघडलेले मुलांचे स्वतंत्र संग्रहालय. तेवढ्यात दीड तास जातो. चित्रांची आणि चिनी मातीच्या भांड्यांची दालने मोठ्यांनी आळीपाळीने पाहावीत, तोवर दुसऱ्याने मुलाला घेऊन हिरवळीवर बसावे. दालनात मूल किरकिरू लागते ते बहुधा कंटाळून नव्हे. सपाट, गुळगुळीत फरशीवर थांबत थांबत चालण्याने पाय दुखतात. पाच मिनिटे खाली बसवून पाणी दिले की ते पुन्हा चालू लागते.

दुसऱ्या दिवसाची सकाळ राणीच्या बागेची. भायखळ्याला सीएसएमटीहून धिम्या लोकलने जावे. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरे भायखळा. सकाळी नऊच्या सुमारास सगळी गर्दी सीएसएमटीकडे येणारी असते, उलट दिशेच्या गाड्या बऱ्यापैकी रिकाम्या. शिवाय गाडी सीएसएमटीहूनच सुटणार, म्हणून फलाटावर काही मिनिटे उभी असते आणि मुलाला सावकाश चढवता येते. मुलांना लोकल दाखवायची ती हीच. पाच वर्षांखाली तिकीट नाही, बारापर्यंत अर्धे. चढताना आधी एक मोठा माणूस आत, मग मूल, शेवटी दुसरा मोठा. उतरताना सँडहर्स्ट रोड सुटले की उठून दाराकडे यावे आणि पुढच्याला ‘भायखळा का?’ विचारून ठेवावे. मधल्या स्थानकावर गाडी अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही. महिलांच्या डब्यात आई आणि मूल, शेजारच्या डब्यात वडील अशी विभागणी करू नये. केलीच तर आधी ठरवून घ्यावे की चुकामूक झाल्यास जो गाडीत पुढे गेला त्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचे आणि फलाटावर राहिलेल्याने मागच्या गाडीने यायचे. दोघेही एकमेकांना शोधायला निघाले की गोंधळ होतो. फोन लागेलच असे धरू नये.

बाग साडेनऊला उघडते. तिकीट ऑनलाइन काढले तर रांग टळते. आत शिरल्यावर आधी पेंग्विन. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन २०१६ मध्ये आले आणि मार्च २०१७ पासून लोकांना पाहायला मिळतात. त्यांचे दालन थंड ठेवलेले असते. घामाने भिजलेले मूल तिथे एकदम गारठते, म्हणून बारक्यासाठी एक पातळ स्वेटर किंवा निदान कोरडा सदरा पिशवीत वरच असावा. अकराच्या पुढे काचेसमोर माणसांची भिंत उभी राहते आणि तीन फुटी मुलाला समोरच्यांच्या कमरा तेवढ्या दिसतात. सकाळी लवकर गेले तर मूल काचेला नाक लावून उभे राहते. पाण्याखालून सुळकन जाणारा पेंग्विन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो आणि तिथून ते अर्धा तास हलत नाही. हलवूही नये. मग आतून चालत फिरता येणारा मोठा पक्ष्यांचा पिंजरा पाहावा. वाघ-बिबळे सकाळीच फिरताना दिसतात, ऊन चढले की सावलीत पडून राहतात.

बागेतले प्राणी संपले की बहुतेक जण बाहेर पडतात. त्याआधी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला उभा असलेला दगडी हत्ती मुलांना दाखवावा. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून घारापुरीला ‘एलिफंटा’ नाव दिले तोच हा हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते १९१४ मध्ये पुन्हा जोडले. जोडल्याच्या खुणा शोधायला सांगितल्या की मुले त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहतात. मुलांना वेड लावणारा दुसरा प्रकार म्हणजे गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे. तीन-चार मुलांनी हातात हात घालूनही कवेत येत नाहीत. बारा वाजता मात्र बाहेर.

त्या दिवशी संध्याकाळी चार वर्षांवरच्या मुलांना वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र दाखवावे. पूर्वी तिथे टॅक्सीने जाण्यात वेळ मोडायचा. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे आणि विज्ञान केंद्राच्या नावाचेच स्थानक आहे. सीएसएमटी किंवा हुतात्मा चौकातून सरळ जाता येते. सगळीकडे लिफ्ट आहे, म्हणून घडीची बाबागाडी वापरायची तर ती इथेच. केंद्रातही आधी बाहेरच्या उद्यानात जावे. हाताने फिरवायच्या, ओढायच्या, ढकलायच्या वस्तू लहानांना कळतात, आतल्या दालनांतले बरेचसे वाचायला येणाऱ्यांसाठी आहे. वाफेचे इंजिन पाहायला विसरू नये. तीन वर्षांखालचे मूल असेल तर हे सगळे सोडून मलबार हिलला कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट गाठावा. तिथून जवळच ३० मार्च २०२५ ला खुला झालेला झाडांमधला उंचावरचा लाकडी मार्ग आहे. त्याची वेळ ऑनलाइन आधी ठरवावी लागते.

बाबागाडीविषयी एवढेच, की मुंबईच्या पदपथांवर ती चालत नाही. फेरीवाले, तुटके कडे, उंच पायऱ्या. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलाला पाठीशी किंवा पोटाशी बांधायची झोळी घ्यावी. त्याहून मोठे मूल एका दमात किलोमीटर-सव्वा किलोमीटर चालते, नंतर ते खांद्यावर येणार हे धरून सामान कमी ठेवावे. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला येत नाहीत, हे बाहेरगावच्या माणसाला अनेकदा तिथे पोचल्यावर कळते. काळी-पिवळी टॅक्सी फेब्रुवारी २०२५ पासून कमीत कमी ३१ रुपयांत आहे. सीएनजीची टाकी डिकीत असते, म्हणून मोठ्या बॅगा टपावर जातात.

तिसऱ्या दिवशी गेटवे. घारापुरीला जावे का? पाच वर्षांवरच्या मुलांना घेऊन, पावसाळा सोडून आणि सोमवार सोडून जरूर जावे, त्याहून लहानांना नेऊ नये. बोट एका बाजूला साधारण तासभर घेते, धक्क्यापासून छोटी रेल्वे आहे, पण पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत आणि त्या चढताना माकडे हातातला खाऊ हिसकावतात. पिशवीतून काहीही बाहेर काढू नये, पाण्याची बाटलीसुद्धा. सकाळी नऊच्या पहिल्या बोटीने निघालात तर दीडपर्यंत परत येता येते. लहानांना गेटवेवरूनच अर्ध्या तासाची बंदरातली फेरी पुरे होते.

बोट कोणतीही असो, पाय ठेवण्याआधी मुलाच्या मापाचे लाइफ जॅकेट मागावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून अनेकांचे प्राण गेले. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले तर पाण्यात पडताच ते वर सरकते, तोंडावर येते आणि मूल खालून निसटते. जॅकेट घालून पट्टे आवळल्यावर खांद्यांना धरून वर उचलून पाहावे. कानापर्यंत आले तर ते मोठे आहे. दोन्ही मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावलाच पाहिजे. मापाचे नसेल तर त्या बोटीत बसू नये, दुसरी मिळते.

समुद्राबाबत एरवीही थोडी शिस्त हवी. मरीन ड्राइव्हला सूर्यास्त पाहायला डिसेंबरात साडेपाचला, मे महिन्यात साडेसहाला पोचावे. कठड्यावर बसलेल्या मुलाला मोठ्याने कमरेला धरूनच बसावे आणि पलीकडच्या काँक्रीटच्या चौपायांवर कोणीही उतरू नये. ते शेवाळलेले असतात, मधल्या फटी माणूस गिळण्याएवढ्या आहेत. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी तिकडे फिरकू नये. गणेशोत्सवाच्या आसपास गिरगाव आणि जुहूच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे, जेलीफिशसारखे दिसणारे जीव येतात. वाळूत पडलेला मेलेला फुगाही डंख करतो. दंश झालाच तर चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

खाण्याची वेळ मोठ्यांच्या भुकेवर सोडली की घोटाळा होतो. फोर्टातली हॉटेले एक ते अडीच कार्यालयांतल्या गर्दीने भरतात. मुलाला बाराला बसवले तर टेबल लगेच मिळते आणि वरण-भात, इडली किंवा दहीभात दहा मिनिटांत येतो. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांची कीर्ती खरी आहे, पण रविवारी सकाळची तिथली रांग लहान मुलांना सोसत नाही. कामाच्या दिवशी जावे. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, खाकरा, चुरमुरे, केळी असावीत. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे चार वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत देऊ नयेत, ते घशात अडकतात. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट.

ओआरएसची पुडी घरूनच न्यावी आणि ती पूर्ण पुडी तिच्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावी, मोठी पुडी असेल तर एक लिटर. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी टाकली तर मिठाचे प्रमाण भलतेच वाढते आणि जुलाब झालेल्या मुलाला त्याचा अपायच होतो. खोक्यांत मिळणारी गोड पेये ओआरएसच्या नावाने विकली जात होती, त्या नावाचा वापर केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद केला. दुकानात मागताना जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातली पुडी मागावी आणि पुडीवर तसे छापलेले वाचूनच घ्यावी. मुलाचे दिवसाला दोन सुती जोड आणि मोठ्यांचा एक जादा सदरा, कारण ओकारी बहुधा उचलून घेणाऱ्याच्या अंगावर होते.

गर्दीत मूल हरवणे ही सगळ्यांच्या मनातली भीती. रोज सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक पूर्ण फोटो मोबाइलवर काढावा. घाबरलेल्या आईवडिलांना सदऱ्याचा रंग आठवत नाही. आपला नंबर मुलाच्या मनगटावर बॉलपेनने लिहावा आणि घामाने पुसतो म्हणून दुपारी पुन्हा गिरवावा. गळ्यात नाव लिहिलेले कार्ड नको, नावाने हाक मारणाऱ्यावर मूल लगेच विश्वास ठेवते. चार वर्षांवरच्या मुलाला एकच वाक्य शिकवावे: ‘आई दिसली नाही तर आहे तिथेच उभे राहायचे आणि गणवेशातल्या माणसाला किंवा बरोबर मूल असलेल्या बाईला सांगायचे.’ चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पोलीस ११२, रेल्वे १३९ हे क्रमांक मोठ्यांच्या फोनमध्ये आधीच साठवलेले असावेत.

या ठिकाणांच्या व्यवस्थापनांकडेही दोन मागण्या आहेत. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले, त्याने अंगावर पाजणाऱ्या आयांची मोठी सोय झाली. तशी बसायला जागा बागेत, संग्रहालयात आणि बोटीच्या धक्क्यावर हवी, आणि जिथे स्वच्छतागृह आहे तिथे बाळाचे कपडे बदलायला भिंतीला घडीची एक फळी हवी. ती पुरुषांच्या बाजूलाही लावावी. आज वडील एकटे मुलाला घेऊन गेले तर त्यांना बाळ मांडीवर किंवा जमिनीवर ठेवूनच बदलावे लागते. दुसरी मागणी बोटींची. तिकीट खिडकीवर लहान मुलांच्या मापाची किती जॅकेट त्या फेरीत आहेत याची पाटी रोज लावावी आणि तेवढीच लहान मुले त्या बोटीत घ्यावीत. येत्या नाताळच्या गर्दीआधी एवढे सहज करता येईल.

आपला,
एक वाचक, पुणे